न हुंगलेलं तेल

१९७० सालच्या ज्येष्ठात आमच्या गावच्या देवीचं निशाण फाटलं. वादळ नव्हतं, पाऊस नव्हता. साध्या दुपारच्या वाऱ्यात ते उभं चिरलं आणि अर्धा तुकडा पुंजाजी गुरवाच्या अंगणात येऊन पडला. चैत्र पौर्णिमेला चढवलं तेव्हा ते लालभडक होतं. दोन महिन्यांत त्याचा रंग जुन्या विटेसारखा झाला होता आणि कापड बोटांत धरलं की पापडासारखं तुटत होतं.

निशाण चैत्र ते चैत्र टिकलंच पाहिजे, असा गावाचा समज. मधेच फाटलं म्हणजे अपशकुन, आणि अपशकुन झाला की गावाला कोणीतरी धरायला लागतो. तो माणूस तासाभरात सापडला. कय्यूम रंगारी. त्याने आलेच्या मुळीचा रंग द्यायचा सोडून बाजारचा पुडीचा रंग दिला, असं उकंडराव पाटलांनी ओट्यावर बसून जाहीर केलं आणि गावाने मान डोलावली. विचारायला कोणी गेलं नाही.

आमचं गाव बीबी गावाकडे जाणाऱ्या सडकेपासून दीड मैल आत. एके काळी तिथे रंगाऱ्यांची नऊ घरं होती. आल नावाच्या झाडाच्या मुळांपासून ते लाल रंग काढत. पुड्या आल्या आणि आठ घरं उठली. उरलं ते कय्यूमचं, कारण देवीच्या निशाणाचा मान त्या घराकडे होता. कय्यूमच्या आजोबांपासून देवीचं निशाण हे मुसलमानाचं घर रंगवत होतं आणि आजवर त्यात कोणालाही वावगं वाटलं नव्हतं. त्या मानापायीच लोक लग्नातले शालू-शेलेही त्याच्याचकडे रंगवायला द्यायचे. मान गेला की धंदा गेला, एवढं सरळ होतं.

उकंडराव माझे मामा, आईचे चुलत भाऊ. देवस्थानाचे पंच तेच, तेलाची गिरणीही त्यांचीच. माझं नाव नारायण. तेव्हा मी देऊळगाव राजाच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होतो आणि डॉक्टरेटच्या नावाने चार वर्षं डोकं फोडत होतो. नागपूरचे माझे गाईड दर पत्रात मला गाढव ठरवायचे, फक्त शब्द इंग्रजी असायचे.

विषय असा. झाडाच्या पानात आणि आपल्या पेशीतही क्विनोन नावाची द्रव्यं असतात. ती पाण्यात मोकळी फिरत नाहीत, तेलकट पातळ पडद्यात रुतून बसलेली असतात. क्विनोनवर उजेड पडला की तो हपापतो आणि शेजारच्या रेणूकडून हायड्रोजन हिसकावून घेतो. शेजारी कंजूस असला तर काही बिघडत नाही. शेजारी सैल हाताचा असला तर क्विनोनही बदलतो, शेजारीही नासतो. बाटलीतल्या स्वच्छ द्रावणात हे एका तऱ्हेने होतं, तेलकट पडद्यात भलत्याच तऱ्हेने. ते का, हे मला शोधायचं होतं. मी साबणाच्या पाण्यात आणि अंड्याच्या बलकातून काढलेल्या स्निग्ध द्रव्यात क्विनोन मुरवून उन्हात ठेवायचो. अंडी आणतो म्हणून घरमालकीण केसरबाईंनी माझं पाणी वेगळं केलं होतं आणि आकडे तर एकाला एक जुळत नव्हते.

सुटीत गावी आलो तो फाटक्या निशाणासाठी नव्हे, आईसाठी. पण पुंजाजीने तो तुकडा दाखवला आणि माझे डोळे चमकले. खोटं कशाला सांगू? कय्यूमचाचाची कणव नंतर आली. आधी डोक्यात आलं ते हे की आलेचा लाल रंग म्हणजे क्विनोनच, आणि चाचा तो चढवण्याआधी कापड तेल आणि लोणारच्या खाराच्या पांढऱ्या फेसात पंधरा-पंधरा दिवस मुरवतो. म्हणजे माझ्या बाटल्यांत जे चाललं होतं, ते हा माणूस बापजाद्यांपासून रांजणात करत आला होता. मी तुकडा खिशात घातला.

आमच्या घराच्या ओसरीवर मामा चहा पीत बसले होते.

"पाह्यलं का भाचेबुवा? देवीले बी फसवून राह्यले हे लोक. याले वेशीवर उभा करून ठोकला पाह्यजे."

"मामा, रंग आलेचाच आहे. पुडीचा नाही."

"तुले काय मालूम बे?"

"आलेचा रंग खाराच्या पाण्यात जांभळा होतो, पुडीचा होत नाही. पुंजाजीसमोर करून दाखवलं."

"मंग उडाला काऊन?"

"तेच पाहतो."

"तू तुहं कॉलेज पाह्य," मामा म्हणाले आणि बशी इतक्या जोरात ठेवली की आईने आतून वाकून पाहिलं.

मी हट्टाला पेटलो. चाचाकडून मुळं आणली, त्याच्याच रीतीने कापडाच्या पट्ट्या केल्या. काही तिळाच्या तेलात मुरवल्या, काही एरंडेलात, काही करडीच्या तेलात. बाकी सगळं तेच, खार तोच, तुरटी तीच, मूळ तेच. प्रत्येकीचा अर्धा भाग काळ्या कागदात गुंडाळला आणि सगळ्या कॉलेजच्या गच्चीवर दोरीला टांगल्या. पाऊस येऊन-जाऊन होता, तरी उघडीप मिळाली की ऊन चांगलं भाजत होतं. चाळीस दिवसांनी उतरवल्या. तिळाची पट्टी लाल. एरंडेलाची थोडी फिकी. करडीची विटेच्या रंगाची, आणि ओढली तर फाटली. तिचाच काळ्या कागदातला भाग मात्र लालच्या लाल होता. म्हणजे दोष रंगाचा नव्हता, नुसत्या उन्हाचाही नव्हता. करडीचं तेल उन्हात क्विनोनला हवं ते देत सुटतं, तिळाच्या तेलात स्वतःला राखणारं काहीतरी असतं. चार वर्षांत पहिल्यांदा माझे आकडे जुळले. मी गच्चीवर एकटाच हसलो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी पट्ट्या घेऊन चाचाच्या घरी गेलो. चाचा साठीचा, कोपरापर्यंत हात कायमचे तांबडे. त्याने पट्ट्या उजेडाकडे धरून पाहिल्या, करडीची पट्टी फाडून पाहिली.

"हाव," तो म्हणाला. "अशीच झाली होती."

"चाचा, तुम्हाला तिळाचं म्हणून करडीचं तेल दिलं. निशाणाचं तेल कुठून येतं?"

"देवीपासून येते."

"देवीकडे कुठून येतं?"

त्याची बायको नूरबी चुलीपाशी होती, तिने तिथूनच सांगितलं, "पाटलाच्या गिरनीतून. सगळ्या गावाले मालूम हाये. करडी तिळाहून सस्ती पडते त्याले."

"मग तुम्ही एवढे जाणकार, तुम्हाला वासावरून कळलं नाही? करडीचा वास तर शेंबडं पोरही ओळखतं."

सावकाश, अडाण्याला समजवावं तसं चाचाने मला समजावलं. निशाणाचं तेल आधी देवीपुढे ठेवतात, पूजा होते, मग डबा रंगाऱ्याच्या हाती येतो. देवीला वाहिलेलं फूल आपण हुंगत नाही, तसंच ते तेल. हुंगलं की उष्टं झालं. त्याच्या आजाला मान मिळाला तेव्हा पंचांनी अटी घातल्या होत्या, महिनाभर मांसमच्छी नाही, चपला घालून रांजणापाशी जायचं नाही आणि तेल हुंगायचं नाही. म्हणून डबा उघडताना हे घर नाकातोंडाला फडकं बांधतं. खारात आणि शेळीच्या लेंड्यांत तेल एकदा कालवलं की मग कसला वास आणि कसलं काय.

"बापानं नाही हुंगलं, म्या नाही हुंगलं," चाचा म्हणाला.

मी डोक्याला हात लावला. गावातला तेलाचा सगळ्यात मोठा पारखी, आणि ज्या तेलावर त्याचं पोट तेच तेवढं तो नाक बांधून वापरत होता. ही गोष्ट मामांनाही पक्की ठाऊक असणार, हे मला तिथेच कळलं आणि माझं रक्त उसळलं.

पंचांनी चाचाला एक संधी दिली होती. दसऱ्याला नवं निशाण चढवायचं, पोळ्यानंतरच्या मंगळवारी तेल द्यायचं. हेही निशाण गेलं तर मान काढून घ्यायचा.

"मग सोपं आहे," मी म्हणालो. "डबा घ्या, बाजूला ठेवा. मी देऊळगावहून तिळाचं चोख तेल आणून देतो. कोणाला कळणार?"

"देवीचं तेल फेकू?"

"फेकू नका. दिव्याला जाळा."

"मास्तर, लोक म्हनतात म्या देवीले फसवलं. आता तुमी म्हनता खरंच फसव."

"मग मंगळवारच्या बैठकीत मी सांगतो. पट्ट्या आहेत, पुरावा आहे."

"नका सांगू."

"का?"

"तुमी सांगसान आन् निंघून जासान," नूरबी म्हणाली. "आमाले अथीच राहाचं हाये."

मी ऐकलं नाही. माझ्या हातात पुरावा होता, तो दाखवायला माझे हात शिवशिवत होते. अन्याय दूर करायला निघालेल्या माणसाइतका बहिरा माणूस दुसरा नसतो, हे आज लिहितो आहे. त्या वेळी मी त्याला धैर्य म्हणत होतो.

मंगळवारी देवळापुढच्या ओट्यावर चाळीसेक माणसं जमली. भादव्याचं ऊन फरशीवर रटरटत होतं. पूजा आटोपून पुंजाजीने तोंडाला लाल फडकं बांधलेला डबा ओट्यावर आणून ठेवला. चाचा खाली पायरीपाशी उभा होता, नवी टोपी घालून. मामा बोलायला उठले, त्यांच्या आधी मी उठलो.

पट्ट्या दाखवल्या. काळ्या कागदातला लाल भाग दाखवला. क्विनोन, तेल, ऊन, सगळं शक्य तितक्या साध्या भाषेत सांगितलं. लोक ऐकत होते. एकदोघांनी पट्ट्या हातात घेऊन ओढून पाहिल्या. शेवटी म्हणालो, "कय्यूमचाचांचा रंग खरा होता. तेल खोटं होतं. ते गिरणीतून करडीचं आलं."

मामा चिडतील, शिव्या घालतील, अशी तयारी मी करून आलो होतो. ते चिडले नाहीत. ते चाचाकडे वळले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "कय्यूम, भाचा माहा शिकलेला हाये. पन तेल तर तुह्या हातात होतं. तूच सांग बाप्पा, गेल्या चैताचं तेल करडीचं होतं का?"

त्या प्रश्नात काय आहे हे मला समजायला चार क्षण लागले. हो म्हणावं तर तेल हुंगलं, अट मोडली. माहीत नाही म्हणावं तर माझ्या चिंध्यांवर पंच विश्वास ठेवणार नाहीत, आणि हेच तेल घेऊन पुन्हा तसंच फाटणारं निशाण करावं लागणार. दोन्हीकडून मान गेलेला. आणि त्याला तिथे नेऊन उभं केलं होतं मी.

"बोल न बे," मामा म्हणाले. आवाजातला गोडवा सरला होता. "का मास्तरानं शिकवलं तेवढंच बोलतं?"

मागून कोणीतरी हसलं. दुसरा कोणी म्हणाला, "याईले देवीचं काय पडलं हाये?" हे वाक्य त्या ओट्यावर मी जन्मात ऐकलं नव्हतं. ते कोण बोललं हे पाहायला मी वळलो, पण सगळे चेहरे सारखेच दिसत होते.

चाचाने ते ऐकलं. त्याने टोपी सारखी केली, चपला खाली काढल्या आणि तीन पायऱ्या चढून वर आला. डब्यापाशी बसला. फडक्याची गाठ सोडली. पुंजाजी "अबे, अबे" करत राहिला. चाचाने डब्यावर तोंड नेलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा खोल श्वास घेतला. तो लांबलचक श्वास होता.

"गेल्या चैताचं मले मालूम नाही," तो म्हणाला. "गेल्या चैताचं म्या हुंगलं नाही. हे करडीचं हाये."

"झालं!" मामांनी मांडीवर थाप मारली. "पाह्यलं न सगळ्याईनं? देवीपुढच्या तेलात नाक घातलं यानं. आता मान कायचा आन् काय!"

"मामा, त्याने काय सांगितलं ते ऐका!" मी ओरडलो. "तेल करडीचं आहे म्हणतोय तो! आणि आता बाटलंच आहे ना तुमच्या मते? मग आता ते देवीचं राहिलं नाही. आता कोणीही हुंगा. तुम्ही हुंगा, पुंजाजी हुंगा!"

मी डब्याला हात घातला. मामांनी माझं मनगट धरलं, हाड मोडेल असं. पुंजाजीला म्हणाले, "वत ते तेल. आत्ता वत."

पुंजाजी भ्याला होता. त्याने डबा उचलला आणि ओट्याच्या कडेवरून पालथा केला. तेल रटरटत्या फरशीवर पसरलं, पायऱ्यांवरून खाली आलं आणि तापलेल्या दगडावरून करडीचा उग्र, कच्चा वास उसळून वर आला. असा वास, की चाळीस माणसांपैकी एकालाही तो चुकवता आला नसता. समोरच्या गुलाबराव म्हाताऱ्याने उपरण्याचा शेव नाकाला लावला. दोघं-तिघं मागे सरकले. प्रत्येकाच्या घरी हिवाळाभर करडीचं तेल असतं, प्रत्येकाला तो वास झोपेतही कळतो. मी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. ज्याच्याकडे पाहावं तो दुसरीकडे पाहायचा.

"मान काढला," मामा म्हणाले. "कोनाचं काही म्हननं हाये?"

कोणाचंही काही म्हणणं नव्हतं. लोक पायऱ्यांवरचं तेल चुकवत, धोतरं वर धरत उतरले.

तासाभराने मी चाचाच्या घरी गेलो. लाज वाटत होती, पण न जाणं त्याहून वाईट दिसलं असतं. चाचा घरात नव्हता. नूरबी रांजणातला खार अंगणात ओतत होती. तिने मला बस म्हटलं नाही.

"चाची, सगळ्यांना वास आला. सगळ्यांना कळलं की चाचा खरे होते."

"आला न वास. मंग कोन बोललं?"

मी पायाशी वाहत आलेल्या खारातून मागे सरलो.

"तुमाले आमचं खरं पाह्यजे होतं," ती म्हणाली. "आमाले काम पाह्यजे होतं. तुमाले सांगतलं होतं का नाही, नका बोलू म्हून?"

"मी तुमच्यासाठीच..."

"माह्यासाठी?" तिने रांजण आपटला, तो फुटला नाही. "त्या चिंध्या तुमी माह्यासाठी वाळवल्या? तुमची परीक्षा पास झाली न? जा आता. अन् आई आजारी पडली तं या गावाले. आमच्या दारात नका येऊ."

मी आलो तसा परत निघालो. मला तिचा राग आला होता, हेही सांगून टाकतो. वेशीपर्यंत राग टिकला. पुढे एस.टी.ची वाट पाहताना तो कुठे धरावा ते कळेना, आणि मग तो माझ्यावरच येऊन बसला तो आजतागायत उतरलेला नाही.

प्रबंध पुढल्या साली मंजूर झाला. तेलांचं प्रकरण त्यातलं सगळ्यात बरं प्रकरण आहे, असं गाईडनी पहिल्यांदाच शिवी न घालता लिहिलं. आभाराच्या पानावर मी कय्यूमचाचाचं नाव घातलं होतं. त्यांनी लाल शाईने ते खोडून वर 'एक स्थानिक कारागीर' असं केलं आणि मी ते तसंच छापू दिलं.

पण त्याआधी, सत्तरच्याच दसऱ्याला निशाण चढलं. मामांनी खामगावहून तयार आणवलं होतं, बाजारच्या पुडीच्या रंगाचं. याच रंगाचा आळ घेऊन जे चार महिने कय्यूमच्या नावाने बोटं मोडत होते, तेच ते वर जाताना गुलाल उधळत होते. चाचा गर्दीच्या कडेला, बाभळीखाली उभा होता. हात अजून तांबडे होते. मी जवळ जाऊन उभा राहिलो.

तो मान वर करून बराच वेळ निशाणाकडे पाहत राहिला. माल पारखावा तसा, डोळे बारीक करून.

"टिकीन हे," तो म्हणाला, आणि माझ्याकडे न पाहता घरी निघून गेला.